पत एकाची, दार बंद दोघांना

(चंद्रपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



या अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेत वनहक्क, खाणी, विस्थापन आणि कंत्राटी कामगार हे विषय आहेत. त्यांच्या पंक्तीला ‘भाड्याचे घर आणि कर्जदाराची पत’ हा विषय पाहून काहींना तो किरकोळ, निव्वळ घरगुती वाटला असेल. घर शोधणे ही ज्याची त्याची खासगी अडचण, तिच्यात राजकारण कुठून आले, असे एका तरुण सहकाऱ्याने मला सकाळी विचारलेही. जी अडचण असंख्य माणसांना एकाच पद्धतीने आणि एकाच कारणाने येते ती खासगी राहत नाही, एवढेच उत्तर मी त्याला दिले. ते उत्तर जरा विस्ताराने मांडणे हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या दोन जिल्ह्यांकडे पाहू. जंगलातल्या आदिवासी गावात किरायाचे घर ही कल्पनाच नव्हती. नव्या जोडप्याचे घर निस्ताराच्या लाकडा-बांबूतून आणि गावकऱ्यांच्या हातांनी उभे राहत असे. गावात दारिद्र्य होते, मालगुजार होता, सावकार होता. परंतु डोक्यावरच्या छपरासाठी दरमहा रोकड मोजावी लागत नव्हती. ती वेळ आली उद्योगांबरोबर आणि कचेऱ्यांबरोबर. बल्लारपूरची कागद गिरणी, १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या कोळसा खाणी, दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र, राजुरा-गडचांदूर पट्ट्यातले सिमेंटचे कारखाने यांनी माणसे गावाबाहेर काढली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि जिल्ह्याच्या गावी, पुढे तालुक्यांच्या गावी नोकरदारांची वस्ती वाढली. अलीकडे सूरजागडची लोहखनिजाची खाण आणि कोनसरीचा प्रकल्प यांमुळे आष्टी, चामोर्शी, आलापल्ली या भागांतही खोल्यांना मागणी आली आहे.

या उद्योगांनी कायम कामगारांसाठी वसाहती बांधल्या, हे नमूद केले पाहिजे. ऊर्जानगर किंवा कोळसा खाणींच्या वसाहती पाहिल्या म्हणजे कामगाराला घर देणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व एके काळी किती सहज मान्य होते ते कळते. चहामळ्यांच्या मालकांवर तर १९५१ च्या कायद्यानेच ती जबाबदारी टाकली होती. पुढे तेच काम कंत्राटी कामगारांकडून करून घेण्याची रीत पडली. कंत्राटी माणूस खाणीत उतरतो, भट्टीसमोर उभा राहतो, पण क्वार्टरच्या यादीत त्याचे नाव नसते. त्याच्याबरोबर कंत्राटी परिचारिका, तासिका तत्त्वावरचा शिक्षक, वाहनचालक, डेटा एंट्रीचे काम करणारी मुलगी हे सर्व किरायाच्या खोलीच्या शोधात निघतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली राहणे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. तरीही ती खोली मिळावी म्हणून माणसे रांगेत असतात.

आता एका जोडप्याची हकिकत सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. नवरा सिमेंट कारखान्यात कंत्राटी कामगार, बायको एका आरोग्य केंद्रात कंत्राटी परिचारिका. नवऱ्याने २०१९ मध्ये कर्जावर दुचाकी घेतली, कारण पाळीला वेळेवर पोहोचायला दुसरे साधन नव्हते. २०२० ची टाळेबंदी आली, काम थांबले. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मार्चपासून ३१ ऑगस्टपर्यंत दिली, परंतु व्याज चालूच होते. आणि त्याला काम परत मिळाले ते त्यानंतर काही महिन्यांनी. हप्ते थकले. वित्तसंस्थेच्या माणसांनी गाडी उचलून नेली, पडत्या भावाने विकली आणि उरलेली बाकी त्याच्या नावावर ठेवली. आपल्या भाषेत त्याचे ‘सिबिल खराब’ झाले.

पुढे बायकोच्या बदलीमुळे दोघांना नवी खोली शोधावी लागली. घरमालकाने तीन महिन्यांच्या किरायाइतकी अनामत आणि एक महिन्याची आगाऊ रक्कम मागितली. बँकेने नवऱ्याला दारातूनच परत पाठवले. बायकोने पूर्वी कधी कर्ज घेतलेच नव्हते, म्हणून तिला पतच नाही असे उत्तर मिळाले. अखेरीस तिने एका सूक्ष्म वित्तसंस्थेच्या गटातून कर्ज उचलले आणि अनामत भरली. म्हणजे घरात पाऊल टाकण्यापूर्वीच घराचे कर्ज झाले, आणि ते घर तर दुसऱ्याचे! सहा महिन्यांनी गाडीच्या बाकीसाठी वसुलीवाले नव्या पत्त्यावर आले. त्यांनी घरमालकापाशी चौकशी केली, अंगणात आवाज चढवला. घरमालकाने अकरा महिने संपताच खोली रिकामी करायला सांगितले. अनामतीतून रंगरंगोटीचा खर्च कापला. दुसऱ्या खोलीची अनामत भरताना गटाचे हप्ते चुकले आणि बायकोचीही नोंद बिघडली. एका दुचाकीने दोन माणसांची पत आणि दोन घरे घेतली.

या साखळीत कोणी मोठा खलनायक नाही. प्रत्येक जण आपापल्या नियमाने वागला. म्हणूनच नियम तपासले पाहिजेत.

पत-नोंदणीचा हा व्यवहार आपल्या देशात जुना नाही. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली आणि पत-माहिती कंपन्यांचा कायदा २००५ साली झाला. आज अशा चार कंपन्या आहेत. बँका आणि वित्तसंस्था प्रत्येक कर्जदाराच्या हप्त्यांची माहिती त्यांना पुरवतात आणि त्यातून ३०० ते ९०० या दरम्यानचा एक आकडा तयार होतो. तडजोड करून कर्ज मिटवले तरी ‘पूर्ण फेडले’ अशी नोंद न होता ‘तडजोडीने मिटवले’ अशी होते, आणि पुढचा सावकार तिच्याकडे संशयानेच पाहतो. हप्ता का चुकला, टाळेबंदीमुळे, आजारपणामुळे, धान वाघा-रानडुकरांच्या भीतीने राखता आले नाही म्हणून, की लबाडीने, यासाठी त्या आकड्यात जागा नाही. मराठीत ‘पत’ या शब्दाला अब्रू असाही अर्थ आहे. गावात माणसाची पत त्याला ओळखणारे ठरवीत. त्यांना त्याची अडचण ठाऊक असे. आता अर्थ अब्रूचाच राहिला आहे, ओळख मात्र नाहीशी झाली आहे.

कायद्याने घरमालकाला भाडेकरूची पत-नोंद परस्पर पाहता येत नाही. ज्यांना ती पाहण्याचा अधिकार आहे त्या संस्थांच्या वर्गात तो बसत नाही. आपल्या गावांत घरमालक ती मागतही नाही. तो मागतो अनामत. परंतु अनामत रोख लागते, रोख कर्जाने उभी करावी लागते आणि कर्ज पतीवर मिळते. अशा रीतीने जी नोंद घरमालकाने पाहिलेली नाही तीच त्याच्या दारावर कडी घालते. जे रोख देऊ शकतात त्यांची पत कोणी विचारत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. नवरा-बायको हे या व्यवस्थेच्या लेखी एक की दोन?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. विवाहाने एकाचे कर्ज दुसऱ्यावर जात नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तरच जबाबदारी येते. पत-नोंदही प्रत्येकाची स्वतंत्र असते. जोडप्याची अशी नोंद नसते. परंतु व्यवहारात काय घडते ते पाहा. दोघांनी मिळून गृहकर्ज मागितले की बँक दोघांचीही नोंद पाहते आणि एकाच्या वाईट नोंदीने दोघांचा अर्ज अडतो. सूक्ष्म कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये जे निर्देश दिले त्यांत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले अशी व्याख्या केली. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंतचे कुटुंब हा घटक मानला आणि सर्व हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत असे ठरवले. हेतू संरक्षणाचा आहे, तो मी नाकारत नाही. पण येथे नवऱ्याचे थकलेले कर्ज बायकोच्या पात्रतेत मोजले जाते.

राज्य सरकारचीही तीच कथा. २०१७ च्या कर्जमाफी योजनेत प्रथम कुटुंब हा घटक धरला आणि दीड लाखाची मर्यादा पती-पत्नी मिळून लावली. दोघांच्या नावे वेगवेगळी पीककर्जे असली तरी सवलत एकच. ओरड झाल्यावर ती अट सैल करावी लागली. २०१९ च्या योजनेत मात्र व्यक्ती हा घटक मानून दोन लाखांची मर्यादा ठेवली. तेव्हा जोडपे एक की दोन, हे कोण ठरवतो? ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली आहे तो आपल्या सोयीने ठरवतो. देताना दोघांना एक धरले की देणे कमी होते. वसुलीच्या वेळी दोघांना एक धरले की वसुलीला दुसरे मनगट सापडते. आणि बायको स्वतःच्या नावाने कर्ज मागायला गेली की ती एकटी, नोंद नसलेली, अनोळखी ठरते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच जंगलात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीचा हक्क विवाहित व्यक्तीच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवण्याची तरतूद केली. तो हक्क वारसाने जातो, परंतु विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. या जमिनीवर कर्ज मिळत नाही अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो आणि ती खरी आहे. पण तिची दुसरी बाजू अशी की नवऱ्याच्या दुचाकीचे कर्ज थकले म्हणून ती जमीन जात नाही. येथे कायद्याने जोडप्याला एक मानले ते देण्यासाठी आणि राखण्यासाठी. एकत्वाचा हा अर्थ आपला आहे. घराच्या प्रश्नातही तोच आपण मागितला पाहिजे.

कर्ज बुडवणाऱ्यांची बाजू घेता काय, असा आक्षेप येईल. आक्षेप घेणाऱ्यांना एवढेच विचारावे की बुडण्यातून वर येण्याचा मार्ग कोणासाठी केलेला आहे? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने कंपन्यांना कर्जाच्या ओझ्यातून सोडवण्याची रीतसर प्रक्रिया दिली. बँकांनी मोठी सूट सोसून प्रकरणे मिटवली आणि कारखाने नव्या मालकांच्या हाती नव्याने सुरू झाले. त्याच संहितेत सामान्य व्यक्तीसाठीही एक भाग आहे. कंपन्यांचे व्यक्तिगत जामीनदार वगळता तो भाग सामान्य कर्जदारांसाठी अमलात आणलेला नाही. कंपनीला पुनर्जन्म आहे. दुचाकीवाल्याला फक्त नोंद आहे.

आणि कर्जमुक्ती ही काही समाजवाद्यांची भाबडी कल्पना नव्हे. याच राज्याने १९७५ चा कर्जमुक्ती कायदा करून अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि कामगार यांची सावकारी कर्जे रद्द केली होती. सावकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७७ मध्ये फतेहचंद हिम्मतलाल खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालपत्र लिहिले आणि तो कायदा वैध ठरला. कर्ज माफ झाले की माणूस मोकळा होत असे, कारण त्या सावकाराची वही जळली की गोष्ट संपत असे. आजची वही जळत नाही. म्हणून यापुढे कर्जमाफीची मागणी करताना नोंदमाफीची मागणी तिच्यासोबत जोडल्याशिवाय ती अपुरीच राहील.

बाहेरच्या जगातही हा प्रश्न आहे. एंगल्सने १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली. कामगाराला हप्त्याने छोटे घर विकत दिले की प्रश्न सुटेल, या मताचा त्याने समाचार घेतला. असे घर कामगाराला एका जागी जखडते आणि मजुरी कपातीपुढे दुबळे करते, असे त्याचे म्हणणे होते. आपल्या सरकारांची गृहनीती आजही मुख्यतः मालकीच्या घराभोवती आणि म्हणून कर्जाभोवती फिरते. भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची केंद्राची योजना आली ती थेट जुलै २०२० मध्ये, हजारो मजूर रस्त्याने चालत गावी गेल्यानंतर. जर्मनीत शूफा ही पत-नोंदणी संस्था १९२७ पासून आहे आणि तेथे घर भाड्याने घेताना तिचा दाखला मागितला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने, केवळ यंत्राने काढलेल्या अशा आकड्यावर माणसाच्या अर्जाचा निकाल लावण्यास मर्यादा घातल्या. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने लिंग किंवा वैवाहिक स्थिती पाहून पत नाकारण्यास बंदी केली. फ्रान्समध्ये मालकांच्या वर्गणीतून कामगारांच्या घरांसाठी निधी उभारण्याची पद्धत १९५३ पासून आहे आणि त्याच व्यवस्थेतून २०१६ पासून तरुण व नोकरदार भाडेकरूंना किरायाची हमी विनाशुल्क दिली जाते. भांडवलशाही देशांत जे शक्य झाले ते खनिजाने श्रीमंत असलेल्या आपल्या जिल्ह्यांत अशक्य का असावे?

आपला भाडेकायदा काय सांगतो? विदर्भात पूर्वी १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडेनियंत्रण आदेश लागू होता. त्याची जागा १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने घेतली. त्याच्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आपल्याकडे बहुसंख्य करार मुद्रांकाच्या कागदावर लिहून पेटीत ठेवलेले असतात किंवा तोंडीच असतात. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. परंतु राज्याने तसा कायदा केल्याशिवाय भाडेकरूला त्याचा उपयोग नाही.

तेव्हा आपण काय करावे?

पहिले काम माहितीचे. पत-नोंदीचा संपूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर दर दिवशी शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. सूक्ष्म कर्जाच्या बाबतीत ही वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी सहा अशी आहे. कर्जदाराच्या घरच्यांचा किंवा परिचितांचा पाणउतारा करण्यास रिझर्व्ह बँकेची स्पष्ट मनाई आहे. आपल्या प्रत्येक शाखेत या चार गोष्टी सांगू शकेल असा एक तरी कार्यकर्ता, आणि शक्य तर एक कार्यकर्ती, असली पाहिजे. नवऱ्याच्या सांगण्यावरून कोणत्याही कागदावर सहकर्जदार म्हणून सही करण्यापूर्वी त्या सहीचा अर्थ स्त्रीला समजावून देणे, हे तिचे पहिले काम.

दुसरे काम मागणीचे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणींच्या उत्पन्नातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे पैसा जमा होतो. त्यातून कंत्राटी कामगारांसाठी सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे बांधावीत आणि तोवर अनामतीची हमी देणारा निधी उभारावा. भाडेकरूने रोख अनामत भरण्याऐवजी निधीचे हमीपत्र द्यावे. हमी पती-पत्नी दोघांच्या नावे असावी आणि एकाची पत-नोंद तिच्या आड येऊ नये. अनामतीला दोन महिन्यांची मर्यादा घालणारी तरतूद राज्याने करावी. आपल्या कामगार संघटनांनी आणि पतसंस्थांनी सरकारची वाट न पाहता लहान प्रमाणावर असा निधी सुरू करण्यासही हरकत नाही. सामूहिक पत म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार तिच्या हाती आले. त्या गावातील एकेकट्या माणसाला बाजारात विशेष पत नव्हती. ग्रामसभेला मात्र व्यापाऱ्याशी बरोबरीने बोलता आले.

तिसरे काम अवघड आहे, कारण ते आपल्याच अंगणातले आहे. या सभागृहात अनेक जण घरमालक आहेत. निवृत्तीच्या पैशातून मागे दोन खोल्या काढल्या, किराया येतो, त्यात गैर काही नाही. पण आपल्यापैकी किती जणांचा करार नोंदलेला आहे? किती जणांनी अनामत दोन महिन्यांपेक्षा अधिक घेतली आहे? आणि खोली दाखवण्यापूर्वी आडनाव किती जण विचारतात? १९१७ मध्ये बडोद्याला डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले, हे आपण दर वर्षी भाषणात सांगतो. त्याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, याचा आपल्याला अभिमान आहे. तेव्हा आडनाव विचारून दार लावणे आणि पत विचारून दार लावणे यांतले नाते आपल्याला तरी कळायला हवे. दोन्हींत माणूस समोर उभा असतो आणि आपण त्याच्याविषयीची नोंद वाचत असतो.

शाखांच्या पुढच्या बैठकीत प्रत्येक घरमालक सदस्याने आपल्या भाडेकराराची नोंदणी करून तो दाखवावा, असा ठराव मी सुचवतो. मागणीचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देण्यापूर्वी हे झाले तर निवेदनाला वजन येईल. ठरावावर चर्चा करण्यासाठी आजच्या दुपारच्या सत्रात वेळ ठेवलेला आहे. ज्यांना तो जाचक वाटत असेल त्यांनीच प्रथम बोलावे, अशी माझी विनंती आहे.